‘रेंगाळणारा’ शेतकरी आणि नवे बियाणे

तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवितो. आमच्या अभ्यासक्रमात ‘नवतेचा प्रसार’ नावाचे एक प्रकरण आहे. नवे बियाणे, नवे खत, नवे अवजार गावात आले म्हणजे ते आधी कोण घेतो आणि मागाहून कोण घेतो, याची मांडणी त्यात केलेली आहे. एके दिवशी मी फळ्यावर घंटेच्या आकाराची वक्ररेषा काढली आणि शेतकऱ्यांचे पाच वर्ग लिहिले. सर्वांत पुढे नवप्रवर्तक, शंभरांत अडीच. त्यांच्यामागे लवकर स्वीकारणारे, साडेतेरा. मग आधीचे बहुसंख्य चौतीस आणि नंतरचे बहुसंख्य चौतीस. अगदी शेवटी सोळा. त्यांना इंग्रजीत ‘लॅगार्ड’ म्हणतात. मी मराठीत ‘रेंगाळणारे’ असे लिहिले. या शेवटच्या वर्गाची लक्षणेही मी सांगितली : जमीन थोडी, शिक्षण थोडे, बाहेरच्या जगाशी संबंध थोडा, नजर मागे वळलेली, नव्याविषयी संशय.

मागच्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, “सर, हे तर आमच्या बापाचंच वर्णन आहे की!” वर्ग हसला. मीही हसलो. घरी जाताना मात्र ते हसणे घशाशी अडकले. ते वर्णन माझ्याही बापाचे होते, आणि ते मी माझ्याच हाताने फळ्यावर लिहिले होते. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. त्या पायरीवर उभे राहून मी माझ्याच माणसांना ‘रेंगाळणारे’ ठरवीत होतो.

‘मागास’ हा शब्द आपल्याला नवा नाही. आधी माणसाला मागे ठेवायचे आणि मग तो मागे का राहिला याची कारणे त्याच्या स्वभावात शोधायची, ही येथील समाजव्यवस्थेची जुनी रीत आहे. शेतीविषयक चर्चेत हीच रीत शास्त्राची वस्त्रे लेऊन येते. म्हणून लहान शेतकरी नवे पीकतंत्र केव्हा स्वीकारतो आणि केव्हा नाकारतो, हा प्रश्न आपण आपल्या बाजूने तपासून पाहिला पाहिजे.

१

आधी या शास्त्राचे म्हणणे नीट समजून घेऊ. अमेरिकेच्या आयोवा राज्यात संकरित मका आला तेव्हा तो शेतकऱ्यांमध्ये कसा पसरला, याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या दोघांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, नव्या बियाण्याची बातमी शेतकऱ्याला बहुधा विक्रेत्याकडून कळते; पण त्याचा विश्वास बसतो तो शेजाऱ्यामुळे. शेजाऱ्याच्या रानात पीक डोळ्यांनी पाहिल्यावरच तो पेरायला धजतो. पुढे एव्हरेट रॉजर्स याने १९६२ साली ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ हा ग्रंथ लिहून या विचाराला सिद्धान्ताचे रूप दिले. वर सांगितलेले पाच वर्ग त्याचेच.

रॉजर्सने नव्या वस्तूच्या अंगचे पाच गुणही सांगितले आहेत. जुन्यापेक्षा तिच्यात फायदा किती? ती आपल्या रीतीभातीशी आणि गरजांशी जुळते का? ती समजायला सोपी की अवघड? थोड्या प्रमाणात करून पाहता येते का? आणि तिचा परिणाम दुसऱ्याला दिसतो का? हे पाच प्रश्न उपयोगाचे आहेत, हे मान्य केले पाहिजे. कार्यकर्त्याने ते पाठ करून ठेवावेत.

परंतु प्रश्न असा आहे की, ‘फायदा’ म्हणजे कोणाचा फायदा? ‘करून पाहणे’ कोणाला परवडते? ‘शेजारी’ म्हणजे कोण? ज्या गावात वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा, स्मशान वेगळे, त्या गावात शेजार हा शब्द बांधापाशी येऊन थांबतो. खुद्द रॉजर्सनेही आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत कबूल केले की, या संशोधनात दोष व्यवस्थेवर न ठेवता व्यक्तीवर ठेवण्याची खोड आहे, आणि नवे ते सर्व चांगलेच, असे गृहीत धरण्याचीही खोड आहे. आम्ही विद्यार्थ्यांना ती वक्ररेषा शिकवितो; ही कबुली मात्र शिकवीत नाही.

२

माझा आजा सालगडी होता. मराठवाड्यातल्या आमच्या गावात ‘हायब्रीड’ आली ती त्याच्या डोळ्यांदेखत. ‘सीएसएच-१’ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ साली बाहेर पडला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना संकरित बियाण्याचा राज्यभर जोरात प्रचार झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर तर धान्य पिकविणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न झाला. खरिपाच्या रानातून उंच गावरान ज्वारी हटत गेली आणि बुटकी हायब्रीड उभी राहिली.

आजा सांगायचा, “मालकाच्या रानात पहिली हायब्रीड म्या पेरली. युरिया ह्या हातानं टाकला. कवा टाकायचा, किती टाकायचा, मालक मलाच इचारायचा.” म्हणजे नव्या तंत्राचे ज्ञान आजाकडे मालकाच्याही आधी होते. दोन ओळींतले अंतर, पोटरीत आलेल्या पिकाला लागणारे पाणी, खताची मात्रा, सारे त्याला ठाऊक होते. हात होते, डोळे होते, अनुभव होता. जमीन नव्हती. पुस्तकाच्या वक्ररेषेत आजाला जागाच नाही, कारण ती रेषा फक्त जमीन असणाऱ्यांची आहे. ज्याने तंत्र प्रत्यक्ष राबविले तो मोजला गेला नाही. ज्याच्या नावावर सातबारा होता तो ‘प्रगतिशील शेतकरी’ ठरला.

आमच्या घराने हायब्रीडचा स्वीकार आधी पोटात केला. मजुरी म्हणून मिळणारी ज्वारी हीच असे. तिची भाकरी काळपट व्हायची, थापताना तुटायची, संध्याकाळपर्यंत वाळून जायची. आजी म्हणे, “पोट भरतं, पण भूक जात नाही.” पुढे ‘हायब्रीड’ हा शब्दच अशक्त आणि बेचव यांचा पर्याय होऊन मराठीत रुळला. आजही म्हातारी माणसे नव्या पोरांना ‘हायब्रीड पिढी’ म्हणतात.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. हीच हायब्रीड खरिपात पसरली, पण रब्बीत तिला पाय रोवता आले नाहीत. रब्बीत शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक वाणातून निवडलेली ही ज्वारी कित्येक दशके रब्बीच्या रानात टिकून राहिली. एकच शेतकरी, एकच घर, एकच डोके; खरिपात ‘पुढारलेले’ आणि रब्बीत ‘मागासलेले’ कसे होईल?

याचे उत्तर शेतकऱ्याच्या डोक्यात नाही; ते रानात आहे. रब्बीची ज्वारी पावसावर येत नाही. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. ती ओल दिवसेंदिवस खाली जाते. त्या ओलीबरोबर मुळे खाली नेणारे पीक तेथे लागते. वरून टाकलेले खत कोरड्या थरात पडून राहते. खोडमाशीचा उपद्रव असतो. शिवाय रब्बीच्या ज्वारीचा दाणा टपोरा, भाकरीला गोड. तिला बाजारात भाव अधिक. आणि कडबा! बैल असणाऱ्या घरात कडबा हे अर्धे पीक असते. गावरान ज्वारीचे ताट माणसाच्या डोक्यावर जाते. हायब्रीडचे ताट बुटके. कृषिखात्याच्या तक्त्यात एकरी किती क्विंटल दाणा एवढाच रकाना मोठा होता. शेतकरी दाणा आणि कडबा दोन्ही मोजत होता. त्याचे गणित अधिक पुरे होते.

खरिपातही हायब्रीडची एक खोड होती. गावरान ज्वारी दिवसमान पाहून निसवते. पेरणी मागेपुढे झाली तरी पाऊस सरल्यावरच तिचा दाणा भरतो. हायब्रीडला दिवसमानाशी फारसे कर्तव्य नाही. ती ठरल्या दिवसांत, सुमारे शंभर दिवसांत, पिकते आणि परतीच्या पावसात सापडते. मग दाण्यावर बुरशी चढून कणीस काळे पडते. तरीही शेतकऱ्याने ती घेतली, कारण दाणा अधिक येत होता आणि घरात खाणारी तोंडे होती. म्हणजे त्याने फायदा आणि तोटा तोलून हंगामाप्रमाणे दोन वेगवेगळे निर्णय घेतले. याला रेंगाळणे म्हणायचे काय?

३

दुष्काळानंतर आजाने गावच्या गायरानातला अडीच एकर माळ फोडला. दगड वेचले, बांध घातले. आज ती जमीन माझा बाप कसतो. मी शिक्षक झाल्यावर पुस्तकी उत्साहाने त्याला म्हणालो, “दादा, नवीन वाण आलाय. यंदा एक एकर करून तर बघा.” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “लेका, त्यांचं पीक गेलं तर त्यांचं एक साल जातं. आपलं गेलं तर घर जातं.”

यातले गणित साधे आहे. ज्याला वीस एकर आहे त्याने एका एकरात नवे करून पाहिले तर त्याने आपल्या रानाचा विसावा हिस्सा पणाला लावला. पीक फसले तर एकोणीस एकर त्याला सांभाळून घेतात. ज्याला अडीच एकर आहे त्याने एक एकर दिला तर शंभरातले चाळीस दिले. पुस्तक म्हणते, ‘थोड्या प्रमाणात करून पाहा.’ अडीच एकरात थोडे प्रमाण म्हणून काही नसतेच. भारतातील शंभरपैकी सुमारे ८६ खातेदार दोन हेक्टरांच्या आतले आहेत, असे २०१५-१६ च्या कृषिगणनेत आढळले. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे साडेतीन एकरांच्याही आत निघाले. तेव्हा माझ्या बापाचे गणित हे अपवादाचे नाही, बहुसंख्यांचे आहे.

दुसरी बाब कर्जाची. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला सोसायटीतून किंवा बँकेतून पीककर्ज मिळू शकते. महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत, वेळेवर फेड केल्यास तीन लाखांपर्यंतचे असे कर्ज शासनाच्या व्याजसवलतीमुळे बिनव्याजी पडते. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला खाजगी सावकार उरतो. महिन्याला शेकडा पाच, हा दर आमच्या वस्तीत कोणाला नवा वाटत नाही. म्हणजे वर्षाला शेकडा साठ. नव्या बियाण्याने उत्पन्न दीडपट वाढले तरी असे व्याज त्यातला मोठा घास घेते. एकच बियाणे, एकच खत. पण एकासाठी ते फायद्याचे आणि दुसऱ्यासाठी तोट्याचे. फायदा हा बियाण्याच्या पोटात नसतो. तो बियाणे ज्या पैशाने विकत घेतले त्या पैशावर ठरतो.

सावकार नको असेल तर बी-बियाण्याचा दुकानदार असतो. तो उधार देतो, पण तो देईल तेच बियाणे आणि सांगेल तेच औषध घ्यावे लागते. म्हणजे उधार देणाराच तंत्र निवडतो. मग शेतकऱ्याने अमुक वाण ‘स्वीकारला’ असे आपण म्हणतो, तेव्हा स्वीकारले कोणी, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

तिसरी बाब वेळेची. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विलार्ड कॉक्रन याने १९५८ साली एक विचार मांडला. नवे तंत्र जे आधी घेतात त्यांचा उत्पादनखर्च उतरतो आणि बाजारभाव अजून जुनाच असतो, म्हणून नफा त्यांना मिळतो. सारेच ते तंत्र घेऊ लागले की माल वाढतो आणि भाव पडतो. मग मागून येणाऱ्याच्या वाट्याला नफा येत नाही, फक्त खर्च येतो. आणि तंत्र न घ्यावे तर पडलेल्या भावात तो पुरता बुडतो. पायचक्कीवर चालणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते : चालतो खूप, पोहोचत कोठेच नाही. ज्याला जमीन, पैसा आणि कागद यांच्या अभावी उशीर होतो, त्याला उशिराची शिक्षाही पुन्हा भोगावी लागते.

४

आता माहितीच्या वाटेकडे पाहू. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘प्रशिक्षण आणि भेट’ ही पद्धत महाराष्ट्रात राबविली गेली. खात्याच्या माणसाने ठरल्या दिवशी गावात यायचे, निवडक ‘संपर्क शेतकऱ्यां’ना नवे ज्ञान द्यायचे, आणि त्यांच्याकडून ते इतरांपर्यंत झिरपायचे, अशी कल्पना होती. कागदावर ती चांगलीच दिसते. पण हा संपर्क शेतकरी कोण असे? ज्याच्या ओसरीवर खुर्ची टाकता येते, चहा पाजता येतो, ज्याचे रान सडकेला लागून आहे, तो. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला. खात्याचा माणूस एस. टी. तून उतरे तो पश्चिमेला. मधले अंतर दोन फर्लांगांचे नव्हते, ते कित्येक पिढ्यांचे होते. खालपर्यंत ज्ञान झिरपेल, असे मानणाऱ्यांनी या गावातले पाणी आजवर कसे झिरपले, एवढे पाहिले असते तरी पुरे होते.

शिवार फेरी निघते ती मोठ्यांच्या रानातून. पीक-प्रात्यक्षिकाचा फलक लागतो तो त्यांच्याच बांधावर. तेथे आमचा माणूस उभा राहतो तो प्रश्न विचारण्यासाठी नव्हे, पाणी देण्यासाठी. अलीकडे भ्रमणध्वनीवर सल्ले येतात, आणि त्यामुळे वस्तीतल्या शिकलेल्या पोरांना काही माहिती थेट मिळू लागली, ही गोष्ट चांगली झाली. पण कळणे वेगळे आणि करता येणे वेगळे. आजालाही कळतच होते.

बाई तर या वाटेवर कोठेच नसते. बियाणे निवडणे, राखेत घालून ठेवणे, टोकणे, खुरपणे, वेचणे, ही कामे तिची. सातबारा पुरुषाच्या नावावर, म्हणून प्रशिक्षणाचे बोलावणेही पुरुषाला. ज्या हाताने बियाणे राखले त्या हाताला बियाण्याविषयी कोणी विचारीत नाही.

५

या सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे. महार वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. माणसे बायकापोरांसह तुरुंगात गेली. ‘कसणाऱ्याला पडीक जमीन द्या’ ही त्यांची मागणी होती. त्यानंतर गायरानावरची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे शासननिर्णय निघाले. १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासी भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. आमच्याजवळ त्या काळची एक दंडाची पावती आहे. अतिक्रमण केले म्हणून सरकारने आजाला दंड केला. तोच दंड आज आमचा सर्वांत मोठा पुरावा. माझ्या बापाने ती पावती पत्र्याच्या पेटीत, बाबासाहेबांच्या फोटोमागच्या पाकिटात जपून ठेवली आहे. सातबारा मात्र अजून झाला नाही. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, जगपालसिंग खटल्यात, गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यात सांगितलेला असला, तरी वस्तीवस्तीत धास्ती पसरली.

सातबारा नसला म्हणजे काय नसते ते मोजू या. पीककर्ज नसते. ठिबकाचे अनुदान नसते. विहिरीचा अर्ज नसतो. अतिवृष्टीत पीक वाहून गेले तर पंचनाम्यात नाव येईल याची खात्री नसते. शासनाने अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे चुकीचे होईल. भूमिहीनांना जमीन देणारी दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना २००४ पासून आहे. बाबासाहेबांच्या नावाची कृषी स्वावलंबन योजना विहिरीला, पंपाला, ठिबकाला अनुदान देते. पण अर्जाबरोबर सातबारा लागतो, आणि नव्या विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकर जमीन लागते. म्हणजे ज्याच्या पायाखाली थोडी तरी पक्की जमीन आहे त्यालाच हात मिळतो. एका कचेरीत मी बापाबरोबर गेलो होतो. तेथील साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही शिकलेले दिसता. वडिलांना समजावून सांगा, हे लोक नवीन काही घेतच नाहीत.” अर्ज मात्र त्यांनी परत केला. कारण? सातबारा नाही.

आणखी एक गोष्ट कागदाबरोबर येते : काळाचा भरवसा. विहीर, बांधबंदिस्ती, फळझाडे ही तंत्रे दहा-दहा वर्षांनी फळ देतात. उद्या जमीन आपली राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो तीन-चार महिन्यांत हाती येणारेच पीक घेणार. त्याला दूरदृष्टी नाही असे आपण म्हणतो. दृष्टी आहे, दूरवर काय उभे आहे हेही त्याला दिसते, म्हणूनच तो जपून असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालीच लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहून दाखवून दिले होते की, जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीबरोबर भांडवल आणि अवजारे किती आहेत यावर ते ठरते. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच्याही आधी, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे त्याच्या आळसात शोधली नाहीत, ती अविद्येत आणि त्याच्यावर बसलेल्या भारात शोधली. आपली परंपरा ही आहे. तिच्याकडे पाठ फिरवून आपण ‘रेंगाळणारे’ हा शब्द उसना का घ्यावा?

६

लहान शेतकरी नवे घेत नाही, हे विधान मुळातच खोटे आहे, याचा सर्वांत मोठा पुरावा बीटी कापूस. २००२ साली मार्चमध्ये त्याला परवानगी मिळाली. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे सोळाशे रुपये पडत. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने किंमतीविरुद्ध दाद मागितल्यावर ती निम्म्याहून खाली आली. पुढच्या काही वर्षांत देशातील कापसाखालचे शंभरांतले नव्वद एकर बीटीखाली गेले. त्यात दोन-तीन एकरवालेच अधिक. कोणी त्यांच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले नव्हते. हिरव्या बोंडअळीवर फवारणी करून ते थकले होते, आणि बीटीने त्या अळीपासून त्या वेळी खरोखरच सुटका केली. फायदा डोळ्यांना दिसला, दुकानात उधारी मिळाली, वापर सोपा होता. मग सातबाऱ्यावर नाव असो वा नसो, बियाणे घेतले गेले.

पण या गोष्टीचा पुढचा भागही सांगितला पाहिजे. हे बियाणे संकरित असल्यामुळे घरचे धरता येत नाही, दरवर्षी विकत घ्यावे लागते. अळीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून भोवती बिगरबीटी कापसाच्या पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते लावायचे, असा नियम होता. आता एक एकर चौरस रान घ्या. त्याची बाजू साधारण २०८ फूट. ओळींत चार फूट अंतर धरले तर चारी बाजूंनी पाच-पाच ओळी म्हणजे एकराचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग अळीला द्यायचा. वीस एकरवाल्याला तोच नियम वीस टक्क्यांत भागतो. नियम सर्वांना सारखा होता. पण त्याचा भार सारखा नव्हता. ते बिगरबीटीचे लहान पाकीट बहुतेकांनी फेकून दिले. गुलाबी बोंडअळी तगून राहिली आणि २०१७ साली तिने विदर्भ-मराठवाड्यात कापसाची धूळधाण केली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. पाठीवर पंप कोणाच्या होता? मजुराच्या पाठीवर होता. आणि मजुरांच्या वस्त्या कोणत्या, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. माझ्या आजाने पहिला युरिया टाकला, तसाच पहिला विषारी फवाराही आपल्याच माणसाने श्वासात घेतला. नव्या तंत्राचा पहिला हात आपला आणि पहिला घाव आपल्याला, अशी ही वाटणी आहे.

७

शेवटी माझ्या मायची एक गोष्ट सांगतो. खरिपात हायब्रीड ज्वारीची जागा आमच्याकडे सोयाबीनने घेतली. सोयाबीन शंभर-एक दिवसांत येते, दिवाळीच्या आत हाती रोख पैसा देते, आणि मुख्य म्हणजे संकरित नसल्यामुळे त्याचे बियाणे घरचे धरता येते. म्हणून ते गरिबाच्याही रानात शिरले. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला. पिशव्या विकत घेणाऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. त्या सुमारास उगवण चाचणीचा पुष्कळ प्रचार झाला. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल राखायची, आणि आठवड्याभरात किती मोडले ते मोजायचे. सत्तर मोडले तर बियाणे पेरायला योग्य. त्याहून कमी तर पेरणीचे प्रमाण वाढवायचे किंवा बियाणे बदलायचे.

मी हे मायला एकदाच सांगितले. तिने त्याच संध्याकाळी गोणपाट भिजवले. सोयाबीनचे टरफल नाजूक असते, हडंब्यातून काढताना आणि पोती आपटताना ते फुटते, एवढे कळल्यावर बियाण्यापुरते सोयाबीन तिने काठीने हळू बडवून काढायला सुरुवात केली. वस्तीतल्या चार बायकांनी तिचे गोणपाट पाहिले आणि त्यांनीही केले. कोणी प्रशिक्षण दिले नाही, कोणी फलक लावला नाही. माय सहीपुरतेच शिकलेली आहे. पुस्तकाप्रमाणे ती शेवटच्या सोळांतली.

तिने ते एका रात्रीत का स्वीकारले? कारण त्याला सातबारा लागत नव्हता, कर्ज लागत नव्हते, रान पणाला लावावे लागत नव्हते, फसले तर शंभर दाणेच जाणार होते, आणि सांगणारा तिचा मुलगा होता. जेथे धोका तिच्या आवाक्यातला आणि सांगणारा विश्वासातला, तेथे ती सर्वांच्या पुढे होती.

म्हणून मित्रहो, यापुढे कोणी आपल्यासमोर ‘लहान शेतकरी नवे घेत नाही’ असे म्हणाला, तर आपण त्याला चार प्रश्न विचारावेत. पीक फसले तर नुकसान कोणाचे? पैसा कोणत्या व्याजाचा? सांगणारा कोण, आणि तो वस्तीपर्यंत येतो काय? आणि पायाखालची जमीन कोणाच्या नावावर? विद्यार्थ्यांनी हे प्रश्न घेऊन आपापल्या वस्तीत वही-पेन्सिल घेऊन बसावे; शंभर घरांची अशी नोंद कोणत्याही वक्ररेषेपेक्षा अधिक सांगेल. कार्यकर्त्यांनी गायरानाच्या सातबाऱ्याचा लढा हाच शेतीसुधारणेचा पहिला लढा मानावा. शिक्षकांनी ते प्रकरण शिकवू नये असे मी म्हणत नाही. मी ते आजही शिकवितो. घंटेच्या आकाराची रेषा काढतो, पाच वर्ग लिहितो. नंतर तिच्या खाली एक आडवी रेघ ओढतो आणि विद्यार्थ्यांना विचारतो : ही जमीन कोणाची? तास तेथून सुरू होतो.